‘ता.आ.’ची नोंद

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

गेल्या मंगळवारचा घोळ लिहून ठेवायलाच हवा, कारण त्याच्यामुळे ही वही सुरू होते आहे.

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरी पूर्णिमा देवधर यांनी सोमवारी ग्रुपवर टाकलं, ‘उद्या स. ९ ते ५ पा.बं. नोंद घ्यावी.’ बाईंच्या मनात होतं पार्किंग बंद. खाली पट्टे मारायचे होते. बेचाळीस घरांनी वाचलं, पाणी बंद. सकाळी सहापासून बादल्या, पातेली, कळशा, लहान मुलांचे टब, जे हाती लागेल ते भरून घेतलं. तळमजल्यावरच्या दुर्गाबाईंनी तर बरण्याही भरल्या. सात वाजता टाकी रिकामी झाली आणि पाणी खरोखरच बंद झालं. गाड्या मात्र कुणी हलवल्या नाहीत. रंगाऱ्याने गाड्या सोडून उरलेल्या जागेत पट्टे मारले. परचुऱ्यांच्या स्कूटरभोवती पट्टा वळसा घालून गेला आहे, तो अजून तसाच आहे.

काल मीटिंग झाली. ठरलं असं की सोसायटीत चालणाऱ्या सगळ्या संक्षेपांचा एक छोटा कोश करायचा आणि १४ डिसेंबरला, सोसायटीच्या पंचविसाव्या वाढदिवशी, घरोघरी वाटायचा. करणार कोण, म्हटल्यावर सगळे छताकडे बघू लागले. पूर्णिमा म्हणाल्या, “रणपिसेकाका, तुम्ही तार ऑफिसात होता ना?”

होतो. छत्तीस वर्षं होतो. थोडक्यात लिहिणं म्हणजे काय, ते माझ्याइतकं या इमारतीत कुणाला माहीत असणार?

सुदर्शन परचुरे, निवृत्त मराठीचे मास्तर, जन्म सदाशिव पेठेतला, मुक्काम कोथरूड, म्हणाले, “तार बंद पडून बारा वर्षं झाली. आता कोश तेवढा बंद पाडू नका.” मी तो आशीर्वाद समजून घेतला.

घरी आल्यावर बायको, शालन, म्हणाली, “बरं झालं. पाच वाजता खाली जायला निमित्त मिळालं तुम्हाला.” खरं आहे. कट्ट्यावरचा माझा जोडीदार ज्ञानदेव मुलाकडे नाशिकला गेल्यापासून कट्ट्यावर मी टोकाला बसतो आणि सहा वाजता वर येतो. कोणी बोलत नाही असं नाही. पण माझ्याशी बोलण्यासारखं कुणाकडे काही नसतं. आता असेल.

६ नोव्हेंबर, गुरुवार

नियम ठरवले. एक, संक्षेप निदान तीन वेगवेगळ्या घरांतून वापरलेला हवा. दोन, वापरताना त्याचा अर्थ सोबत सांगितलेला नसावा. सांगावा लागतो म्हणजे तो अजून रुळलेला नाही. तीन, ज्याने वापरला त्याची वहीत तारखेसह सही हवी. पुरावा नको का?

परचुऱ्यांचं म्हणणं, दहा घरं आणि सहा महिने. म्हटलं, सहा महिन्यांत आपण दोघं असू की नाही त्याचा भरवसा नाही. ते म्हणाले, “मी असेन. तुमचं तुम्ही बघा.”

रात्रीची भाकरी वाढताना शालनने विचारलं, “तीन घरांत आपलं घर धरणार की नाही?”

“धरणार. नियम सगळ्यांना सारखा.”

“मग तसं वहीत लिहून ठेवा.”

लिहून ठेवलं. तिला एवढा रस वाटला याचं बरं वाटलं.

१० नोव्हेंबर, सोमवार

काम जोरात आहे. ‘शु.स.’ शुभ सकाळ. तीन घरं अकरा मिनिटांत. हा सध्याचा विक्रम. ‘लि.बं.’ लिफ्ट बंद. यालाही वेळ लागला नाही, लिफ्टच्या कृपेने. ‘पा.बं.’ पुढे चर्चेसाठी राखून ठेवला आहे.

‘भा.पू.श्र.’वर आज वांधा झाला. परचुऱ्यांचा वाढदिवस. दुर्गाबाईंचं वय सत्त्याऐंशी, फोन नवा. त्यांना वाटलं, सगळेच जण अधूनमधून हे लिहितात म्हणजे काहीतरी चांगलंच असणार. त्यांनी परचुऱ्यांना ‘भा.पू.श्र.’ पाठवलं, पुढे दोन फुलं. परचुऱ्यांनी उत्तर दिलं, ‘आभारी आहे. तारीख कळवतो.’

चौथ्या मजल्यावरच्या उल्काकडून ‘डब्ल्यूएफएच’ मिळाला. ती आयटीत आहे आणि घरून काम करते, संक्षेपाचा अर्थही तोच. सही घ्यायला दोनदा वर गेलो तर ती मीटिंगमध्ये. शेवटी आज लिफ्टमध्ये गाठली. लिफ्टमधून माणूस जाणार कुठे? सही केली बिचारीने. बाहेर पडता पडता म्हणाली, “काका, टीटीवायएल, टॉक टू यू लेटर!” आणि जिन्याने धावत सुटली. हा नवीनच. उद्या पुन्हा गाठली पाहिजे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

लिफ्टमध्ये पाटी लागली आहे. ‘या लिफ्टमधून माणसांची ने-आण होते. शब्दांची नाही. – हुकमावरून.’ अक्षर परचुऱ्यांचं. क्लासवाले जाहिराती चिकटवून जातात, त्यांना उद्देशून असावी. शुद्धलेखन निर्दोष आहे.

कट्ट्यावर हल्ली एक मजा पाहतो. मी वही उघडली की एकेकाला काही ना काही आठवतं. कुणाचा कुकर, कुणाचा फोन, कुणाची औषधं. साडेपाचच्या सुमाराला मी वही मिटतो तेव्हा सगळे परत आलेले असतात. कामाची माणसं आहेत.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

नवा संक्षेप सापडला! सापडला म्हणजे डोळ्यांसमोर जन्मला. संध्याकाळी पाच वाजून दोन मिनिटांनी ग्रुपवर उल्काने लिहिलं, ‘ता.आ.’ पुढेमागे काही नाही. मी त्या वेळी लिफ्टमध्ये होतो. खाली पोचलो तर कट्ट्यावर एकट्या दुर्गाबाई. शेजारी उल्काचा चहाचा कप, वाफ निघत असलेला.

ता.आ. म्हणजे काय असेल? ताक आलं? पण डेअरीवाला सकाळी येतो. दुर्गाबाईंना ऐकायला कमी येतं, त्या नुसत्या हसल्या. जिन्याशी पूर्णिमा भेटल्या. म्हणाल्या, “ता... ताजी आवक, काका. भाजीची. माझा कुकर झाला वाटतं.” आणि गेल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या कुकरची शिट्टी खाली ऐकू येते म्हणजे बाईंचे कान फारच तिखट.

२२ नोव्हेंबर, शनिवार

दुसरं घर मिळालं. पाच वाजून एक मिनिटाने परचुरे लिहितात, ‘ता.आ. वहीसकट.’

वहीसकट? त्यांना फोन केला. म्हणाले, “तात्पुरती आवराआवर. मी जुन्या वह्या आवरतोय.” वाक्य सरळ चेहऱ्याने बोलल्यासारखं वाटलं. चेहरा दिसत नव्हता, पण परचुऱ्यांचा चेहरा आवाजातही तसाच असतो.

पण मग ही पंचाईत आहे. पूर्णिमांकडे ताजी आवक, परचुऱ्यांकडे तात्पुरती आवराआवर. एका संक्षेपाला दोन अर्थ म्हणजे पुन्हा ‘पा.बं.’. उद्या कोणी भाजी आणायला धावेल आणि कोणी कपाट आवरत बसेल. कोश छापायला जायचा ८ तारखेला. तोवर अर्थ लागलाच पाहिजे.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

पद्धतशीर निरीक्षण केलं. ‘ता.आ.’ आत्तापर्यंत पाच वेळा आला. पाचही वेळा संध्याकाळी पाच ते पाच-पाचच्या दरम्यान. म्हणजे ठरावीक वेळेशी संबंध असणार. म्हणून आज मुद्दाम साडेचारलाच खाली जाऊन दबा धरायचं ठरवलं. आज तो चार एकतीसला आला. म्हणजे वेळेशी संबंध नाही. अंदाज साफ चुकला.

शालनला हे सांगितलं तर ती ओढणी तोंडात धरून स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ खोकत होती. काढा करून दिला.

पूर्णिमांनी विचारलं, “काका, ज.भी. घ्यायचा का? आमच्या ऑफिसात एकजण लिहितात.” मी म्हटलं, लिहोत बापडे, कोशात घेणार नाही. तार ऑफिसात एकेक अक्षर वाचवण्यात जन्म गेला, पण जय भीम मी पूर्णच लिहितो. त्या ‘बरं’ म्हणाल्या आणि तेही त्यांनी पूर्ण म्हटलं.

खरं सांगायचं तर हे दिवस छान चाललेत. नवा शब्द रुळताना पाहायला मिळतोय. कट्ट्यावर मी गेलो की लोक दखल घेतात. निवृत्त झाल्यापासून इतकी दखल कुणी घेतली नव्हती.

१ डिसेंबर, सोमवार

तिसरं घर मिळालं. आमचंच.

चप्पल घालून, वही घेऊन लिफ्टमध्ये शिरलो आणि ग्रुपवर ‘ता.आ.’ आलं. पाठवणार, शालन रणपिसे. तसाच परत वर गेलो. म्हटलं, तुला कसा माहीत? ती दाराआडून म्हणाली, “खाली जाऊन विचारा.”

खाली दुर्गाबाईच होत्या. कानाशी जाऊन मोठ्याने विचारलं, “ता.आ. म्हणजे काय हो?”

“अहो, तार आली!” त्या म्हणाल्या. “तुम्हीच की ती तार! पूर्वी दारात तार आली म्हटलं की काय व्हायचं, आठवतं ना? उघडायच्या आधीच घरातली रडायला लागायची. मी ते या मुलांना सांगत होते, तर उल्का म्हणाली, आपल्याकडे रोज पाचला येते. तुम्ही निघालात की सांगायचं, म्हणजे ज्यांना पळायचं ते पळतात. माझे गुडघे चालत नाहीत म्हणून मी बसते. नाहीतर मीही गेले असते हो.”

आणि माझ्या हातावर थोपटून म्हणाल्या, “आज कुठला शब्द?”

मी वर आलो. फार लागलं. लिहायला लाज वाटते, पण ही वही माझी आहे. बहात्तराव्या वर्षी रडू आलं.

मनात एक जुनी शंकाही डोकावली. शाळेत असताना, नोकरी लागली तेव्हा, भाड्याने घर शोधत होतो तेव्हा, माणसं अशी उठून गेलेली मी पाहिली आहेत. शालनने माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं. म्हणाली, “ते नाही. ते असतं तर तुमच्याआधी मला कळलं असतं आणि मी कुणाला सोडलं नसतं. तुमच्या वहीला पळतात ते. लिफ्टमध्ये गाठून कुणी सह्या घेतं का?”

“आणि तू? तूसुद्धा कळवतेस त्यांना?”

“कळवते. वेळेवर कळलं म्हणजे अर्धा तास लपतात आणि साडेपाचला परत येतात. आयत्या वेळी सापडले असते तर त्यांनी कट्टाच बदलला असता.”

मी टीव्ही लावला.

४ डिसेंबर, गुरुवार

तीन दिवस खाली गेलो नाही. पाच वाजले की टीव्ही लावतो. टीव्हीवर खालच्या पट्टीत सगळे संक्षेपच पळत असतात. बघवत नाही.

प्रश्न असा आहे. तीन घरं झाली, उल्का, परचुरे आणि आम्ही. अर्थ कुणीही सोबत सांगितलेला नाही. उलट शिताफीने लपवलाय. सह्यांचं म्हणाल तर वापर लेखी आहे, ग्रुपवर आहे. माझ्याच नियमांनी ‘ता.आ.’ कोशात बसतो. गाळला तर बेचाळीस घरांना कळेल की संपादकाने स्वतःपुरता नियम वाकवला. घातला तर माझी फजिती छापून घरोघरी जाईल, आणि ती पुढची पंचवीस वर्षं फडताळात राहील.

तार ऑफिसात एक गोष्ट पक्की होती. मजकूर कसाही असो, तो आहे तसा पुढे जायचा. लग्नाची तार असो की मरणाची, आपण त्यातलं अक्षर बदलायचं नाही. एकदा माझ्याच मामांच्या निधनाची तार मीच घेतली होती. हात थांबला, पण पूर्ण उतरवली, खाली वेळ घातली आणि मग बाहेर जाऊन उभा राहिलो.

शालनला म्हटलं, आपलं घर धरायला नको होतं. ती म्हणाली, “म्हणूनच लिहून ठेवायला सांगितलं होतं.”

६ डिसेंबर, शनिवार

आज कोश नाही. सकाळी दोघं स्टेशनजवळच्या पुतळ्याला अभिवादन करून आलो. गर्दी होती. शालनने घरून नेलेल्या मेणबत्त्या शेजारच्या बायकांना वाटल्या. येताना बसमध्ये बसायला जागा मिळाली.

७ डिसेंबर, रविवार

संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटं. टीव्ही चालू, फोन टेबलावर. दुर्गाबाईंचा मेसेज आला. ‘ता.का.ना.?’

मी चष्मा लावला. पाच-तेराला उल्का, ‘ता.का.ना.??’ पाच-सोळाला परचुरे, ‘ता.का.ना. सबब सेक्रेटरींनी चौकशी करावी.’

तार का नाही.

कुणी अर्थ सांगितला नाही आणि मला विचारावा लागला नाही. तीन घरं, सहा मिनिटं. शुभ सकाळला अकरा लागली होती. कोशाच्या कामात एवढ्या झपाट्याने रुळलेला शब्द मी पाहिला नाही. फोन हातात घेऊन मी किती वेळ उभा होतो ते शालन उद्या चार लोकांत सांगेल, म्हणून इथे लिहीत नाही.

तार पोचली की पोच द्यायची असते. मी ग्रुपवर लिहिलं, ‘ता.उ.ये.’ दोन मिनिटांत बारा अंगठे आले. म्हणजे उद्या येईन हे कळलं असावं.

८ डिसेंबर, सोमवार

कोश छापायला गेला. त्याआधी पाचला खाली गेलो आणि दोन नोंदी सगळ्यांसमोर वाचून दाखवल्या.

‘ता.आ. – तार आली. रणपिसे वही घेऊन खाली उतरला आहे. ज्यांना जायचं त्यांनी आत्ताच जावं. उदा. ता.आ. वहीसकट (परचुरे).’

‘ता.का.ना. – तार का नाही? रणपिसे बरेच दिवस दिसला नाही तर विचारायचा प्रश्न.’

उल्काने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. “काका, सॉरी. आय मीन, खरंच सॉरी. हे छापणार तुम्ही?” पूर्णिमा जमिनीवरच्या पट्ट्याकडे बघत राहिल्या. मी म्हटलं, नियम म्हणजे नियम.

परचुऱ्यांनी कागद मागून घेतला, चष्मा कपाळावरून खाली आणला आणि लाल पेन काढलं. मला वाटलं, दहा घरं आणि सहा महिने. पण त्यांनी ‘उतरला आहे’ खोडून ‘उतरले आहेत’ केलं, ‘दिसला नाही’ खोडून ‘दिसले नाहीत’ केलं आणि कागद परत दिला. “कोशात आदरार्थी क्रियापद वापरतात,” म्हणाले. “छत्तीस वर्षं नोकरी केलीत, एवढं माहीत हवं.” मग बराच वेळ रुमालाने चष्मा पुसत बसले.

१४ डिसेंबर, रविवार

कार्यक्रम छान झाला. चेअरमन फार बोलले. कोशाच्या प्रती वाटल्या. दुर्गाबाईंनी उघडून पहिल्यांदा ‘भा.पू.श्र.’ पाहिला, आणि लगेच उठून परचुऱ्यांपुढे जाऊन हात जोडले. परचुरे म्हणाले, “असू द्या. कधीतरी लागणारच आहे.”

पाच वाजता खाली निघालो. वही टेबलावरच ठेवली. काम संपलं, आता वही कशाला? तरी आपली सवय म्हणून एक कोरी चिठ्ठी आणि पेन्सिलीचा तुकडा खिशात टाकला. शालन तेव्हा पापड तळत होती, तिचं लक्ष नव्हतं.

लिफ्टमधून मीच ग्रुपवर टाकलं, ‘ता.आ.’

खाली पोचलो तर सगळे जागच्या जागी. परचुऱ्यांनी माझे दोन्ही हात बघितले. “वही?”

“वर आहे.”

“मग ही तार नव्हे. नुसतेच रणपिसे,” असं म्हणून ते सरकले. टोकाला नाही, मधोमध जागा झाली. उल्काने थर्मासमधून चहा ओतला. लिफ्टवाल्या पाटीवर बोलणं निघालं. ती माझ्यासाठी होती हे मला आजच कळलं, आणि सगळ्यांना ते मला कळलेलं नव्हतं हे आजच कळलं. फार हसलो. चहा सांडला.

तेवढ्यात पूर्णिमा फोन बघून म्हणाल्या, “अय्या, मी निघते, घरी ‘पा.आ.’!” आणि परचुऱ्यांनी मान डोलावली.

पा.आ.? पाहुणे आले? पाणी आलं? माझा हात आपोआप खिशाकडे गेला. अगदी सावकाश, कुणाच्या लक्षात येणार नाही असा.

सगळ्यांचे फोन एकदम वाजले. शालनचा मेसेज होता. वर बघितलं तर ती गॅलरीत उभी, हातात झारा.

‘खि.चि.आ.’

खिशात चिठ्ठी आहे. अर्थ कुणी कुणाला विचारला नाही. परचुरे, उल्का, पूर्णिमा एका झटक्यात उठले, दुर्गाबाईही गुडघ्यांवर हात ठेवून निम्म्या उठल्या. मग माझा खिशात अडकलेला हात बघून सगळे हसत सुटले आणि एकेक करून परत खाली बसले.

नोंद: खि.चि.आ. घर पहिलं, आमचंच. आणखी दोन हवीत.